पाचटाखालचे बटाटे

सभासद बंधूंनो, तोडणी झाली की काडी लावायची घाई नको. चार भारे पाचट परसात आणा. आम्ही सांगतो ते घरच्या भाजीपुरतेच, बाजारासाठी नव्हे. बटाटा हे मूळ नव्हे, खोडच. त्याला अंधार, ओल नि रात्रीची थंडी लागते. खोदाई नाही केली तरी चालते. बंगालच्या सुंदरबनात भाताच्या पेंढ्याखाली असेच पीक घेतात. आपल्याकडे दिवाळीनंतर गारवा पडला की मोड आलेले बियाणे ओल्या जमिनीवर वीतभर अंतराने ठेवा, वर कुजके शेणखत, मग वीतभर पाचट. पाणी बेताने. पाचट दबले की भर घाला. उजेडाने हिरवा झालेला बटाटा विषारी, खाऊ नये. उंदरांवर तेवढी नजर हवी! तीनएक महिन्यांनी पाचट सारायचे नि वेचायचे.