परदेशातील सेवाकार्य : युवकांनी काय पाहावे, काय टाळावे

पदवी परीक्षेचा निकाल हाती आला की अनेक तरुण-तरुणींच्या मनात एक विचार डोकावतो. नोकरीला लागण्यापूर्वी एखादे वर्ष परदेशात जाऊन समाजोपयोगी काम करता आले तर? विचार स्तुत्य आहे. परंतु माहितीअभावी काही जण 'हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे' म्हणून तो सोडून देतात, तर काही जण पहिल्याच आकर्षक जाहिरातीला भुलून आईवडिलांची पुंजी खर्ची घालतात. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष शाश्वत विकासासाठीचे आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक वर्ष म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने या संधींचे स्वरूप समजून घेणे उचित ठरेल. त्यांतील भेद ओळखण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा आहे : खर्च कोण सोसतो?

खर्च संस्था सोसते तेव्हा

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने १९७० साली 'संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक' हा कार्यक्रम स्थापन केला. १९९६ पासून त्याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन शहरात आहे. आरोग्य, शिक्षण, निर्वासितांचे पुनर्वसन, निवडणुका, हिशेब, संगणक अशा नाना क्षेत्रांत हे स्वयंसेवक काम करतात. १८ ते २६ वर्षे वयोगटासाठी स्वतंत्र युवा प्रवर्ग असून त्यासाठी फारसा पूर्वानुभव लागत नाही. अनुभवी व्यक्तींसाठी पुढचे प्रवर्ग आहेत. स्वयंसेवकाला दरमहा निर्वाह भत्ता, प्रवासखर्च आणि वैद्यकीय व जीवन विमा मिळतो. हा पगार नव्हे. साधेपणाने राहता यावे एवढीच ही तरतूद असते. परंतु त्यामुळेच सामान्य घरातील मुलगा वा मुलगी केवळ पैशाअभावी मागे राहत नाही. याच कार्यक्रमाद्वारे स्वतःच्या देशात राहूनही सेवा करता येते.

कॅथॉलिक परंपरेतही असे कार्य आहे. व्हिएतनाममधून होड्यांतून पळालेल्या निर्वासितांची दैना पाहून येशूसंघाचे तत्कालीन प्रमुख फादर पेद्रो अरुपे यांनी १९८० साली जेझुइट रेफ्युजी सर्व्हिस सुरू केली. तिच्या कार्यात धर्मगुरू व धर्मभगिनींच्या बरोबरीने प्रापंचिक स्त्री-पुरुषही सहभागी असतात.

खर्च विद्यार्थी सोसतो तेव्हा

इंटर्नशिप म्हणजे प्रत्यक्ष कार्यालयात राहून काम शिकणे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सचिवालयात ही संधी पदवीच्या अंतिम वर्षातील, पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यांना मिळते. मुदत दोन ते सहा महिन्यांची असते. मात्र तेथे विद्यावेतन नाही. विमानप्रवास, व्हिसा, निवास व विमा हे सारे उमेदवाराने पाहायचे असते. न्यूयॉर्क किंवा जिनिव्हासारख्या महागड्या शहरांत हा भार किती कुटुंबांना पेलेल? २०१५ साली जिनिव्हात एक तरुण इंटर्न तंबूत राहत असल्याचे वृत्त जगभर गाजले. या प्रश्नाकडे लक्ष वेधण्याचाही आपला हेतू होता, असे त्याने नंतर सांगितले. गरिबीशी लढण्याचे शिक्षण केवळ सुखवस्तू घरांतील मुलांनाच मिळावे, हा विरोधाभास तेव्हा चर्चेत आला.

सर्वच संस्थांची रीत अशी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना विद्यावेतन देते, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२० पासून ते देण्यास आरंभ केला. म्हणून अर्ज करण्यापूर्वी संस्थेच्या सूचनापत्रातील आर्थिक अटी नीट वाचाव्यात.

सेवा विकत घ्यावी लागते तेव्हा

तिसरा प्रकार सर्वांत सावधगिरीचा. काही कंपन्या भरमसाट शुल्क आकारून दोन-तीन आठवड्यांची 'सेवासहल' विकतात. त्यांतील अनाथालयातील सेवा विशेष चिंतेची आहे. नेपाळ व कंबोडियात असे आढळले, की अनाथालयांतील कित्येक मुलांचे आईवडील हयात होते. परदेशी पाहुणे व देणग्या आकर्षित करण्यासाठी मुलांना घरांपासून दूर आणले गेले होते. दर पंधरवड्याला नवा 'दादा' किंवा 'ताई' येते, लळा लावते आणि निघून जाते. त्या बालमनाचे काय होत असेल? २०१९ साली आमसभेने बालहक्कांविषयीच्या ठरावात अशा सेवासहलींतून होणाऱ्या हानीपासून मुलांचे रक्षण करण्याचे आवाहन राष्ट्रांना केले.

येथे एक साधी कसोटी लावावी. जे काम आपल्या गावात पुरेशा शिक्षणाशिवाय आपल्याला कोणी करू देणार नाही, तेच परदेशात पैसे भरून करता येत असेल, तर ती सेवा नव्हे. तसेच संयुक्त राष्ट्रसंघ भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. त्याच्या नावाने कोणी अर्जाचे, मुलाखतीचे वा प्रशिक्षणाचे पैसे मागितले, तर ती फसवणूक समजावी.

जोखीम आणि जबाबदारी

सेवेत जोखीमही असते. १९९३ साली कंबोडियातील निवडणुकीची तयारी करताना अत्सुहितो नाकाता या २५ वर्षांच्या जपानी स्वयंसेवकाची हत्या झाली. त्याचे वडील ताकेहितो यांनी आपली नोकरी सोडली आणि संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमाचे मानद दूत म्हणून पुढची अनेक वर्षे सेवाभावाचा प्रसार केला. हे उदाहरण तरुणांना घाबरवण्यासाठी दिलेले नाही. ज्या संस्थेसोबत जायचे, तिच्याकडे सुरक्षेची, विम्याची व आणीबाणीत परत आणण्याची कोणती व्यवस्था आहे, हे विचारणे पालकांचे कर्तव्यच आहे.

आरंभ कोठून करावा?

आरंभ घरूनही करता येतो. संयुक्त राष्ट्रसंघाची ऑनलाइन स्वयंसेवा २००० सालापासून चालू आहे. भाषांतर, लेखन, संशोधन, रेखाटन अशी कामे आठवड्यातून काही तास घरी बसून करता येतात. त्यात भत्ता नाही, पण खर्चही नाही, आणि कामाचा अनुभव मिळतो. त्याच्या जोडीला इंग्रजीबरोबर फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकावी, पासपोर्ट वेळेवर काढावा आणि परिचारिका, लेखापाल, शिक्षक यांसारखे एखादे कौशल्य पक्के करावे. परक्या गावाला आपल्या उत्साहापेक्षा आपल्या कौशल्याचा उपयोग अधिक होतो.

पालकांनो, मुलाने असा विचार बोलून दाखवला तर त्याला लगेच अडवू नका, आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. त्याच्यासोबत बसा, संस्थेच्या अटी वाचा आणि तो एक प्रश्न विचारा : खर्च कोण सोसतो, आणि लाभ कोणाचा होतो?