बोट लागू नये म्हणून...

प्रतिनिधी

कोकणी माणसाला 'बोट लागणे' या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या आगबोटीत पथारी पसरून, हर्णै, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत चाकरमानी गावी जात असत. तेव्हा बोटीचा प्रवास ही हौस नव्हती, ती गरज होती. पुढे आगबोटी बंद झाल्या, रस्ते सुधारले, कोकण रेल्वे धावू लागली आणि समुद्र मराठी प्रवाशाच्या आयुष्यातून जवळजवळ हद्दपार झाला. आता तो 'क्रूझ' हे नाव घेऊन परतला आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीच्या 'एम्प्रेस' या जहाजाच्या सफरी मुंबईहून सुरू झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथील नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. मध्यमवर्गीय कुटुंबांच्या सुटीच्या बेतांत गोवा-महाबळेश्वरच्या जोडीला जहाजाचेही नाव येऊ लागले आहे.

जाहिरातीत निळे पाणी, पोहण्याचा तलाव आणि भरलेली ताटे दिसतात. काय दिसत नाही, हे जाणून घेण्यासाठी आम्ही डोंबिवलीच्या एका दाम्पत्याशी बोललो. पती बँकेतून निवृत्त, पत्नी माध्यमिक शाळेच्या शिक्षिका म्हणून निवृत्त. दोघांनी पासष्टी ओलांडली आहे. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी मुंबई-गोवा-लक्षद्वीप अशी सफर केली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ग्रीसची.

हौस नव्हे, तडजोड

बाईंचे दोन्ही गुडघे संधिवाताने झिजले आहेत. पूर्वी दोघे बसच्या सहलींना जात. रोज नवे हॉटेल, पहाटे पाचला उठून बॅगा भरणे आणि दिवसभरात पन्नास वेळा बसच्या पायऱ्या चढणे-उतरणे त्यांना झेपेनासे झाले. "मी घरी राहते, तुम्ही जा, असे मी म्हणू लागले होते," त्या सांगतात. "आणि हे एकटे जायला तयार नव्हते. म्हणजे दोघांचाही प्रवास संपल्यात जमा होता."

अशा प्रवाशांसाठी जहाजाची खरी सोय येथे आहे. बॅग एकदाच उघडायची. खोली तीच राहते, गाव बदलत जाते. मजल्यांमध्ये लिफ्ट असते, जेवणघर चार पावलांवर असते आणि थकवा आला की पलंग जवळ असतो. मात्र ही सोय जहाजाच्या कठड्यापर्यंतच असते. किनाऱ्यावर कसे उतरायचे, हा प्रश्न वेगळा आहे.

मचव्याचे नवे रूप

सर्वच बंदरांत मोठे जहाज धक्क्याला लागू शकत नाही. लक्षद्वीपची बेटे उथळ खाजणाने वेढलेली असल्याने जहाज बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींतून किनाऱ्यावर नेले जाते. जहाजांच्या भाषेत या बोटीला 'टेंडर' म्हणतात. पूर्वी आगबोटीतून मचव्यात उतरत, त्यातलाच हा प्रकार. समुद्र खवळलेला असेल तर ही उतराई रद्दही होते आणि त्याबद्दल सहसा भाडे परत मिळत नाही.

लक्षद्वीपला बाई उतरल्या नाहीत. लाटेबरोबर वरखाली होणारी बोट पाहून त्यांचा धीर सुटला. पतीनेही मग जायचे नाही असे ठरवले आणि त्यावरून दोघांत खटका उडाला. शेवटी बाईंनीच त्यांना पाठवले. "चार तास मी डेकवर बसून ते बेट पाहत होते. रडू आले, हे लपवत नाही," त्या म्हणाल्या.

ग्रीसला जाताना त्यांनी आधी चौकशी केली. सांतोरिनी बेटावरही टेंडरनेच उतरावे लागते. प्राचीन ज्वालामुखीच्या स्फोटानंतर उरलेल्या कड्यावर दोनशेहून अधिक मीटर उंचीवर फिरा हे गाव वसले आहे. जुन्या बंदरातून तेथे जायला पाचशे ऐंशीहून अधिक पायऱ्या आहेत, किंवा रोपवे. बाईंनी आदल्या दिवशीच जहाजाच्या स्वागतकक्षात आपली अडचण सांगितली. गर्दी ओसरल्यावर, शेवटच्या फेऱ्यांपैकी एका फेरीत, दोन खलाशांनी हातांना धरून त्यांना बोटीत उतरवले. बोट लाटेबरोबर वर आली की पाऊल टाकायचे, खाली जाताना नाही, ही खूण त्यांनी शिकवली. वर रोपवेने गेल्यावर त्या एका बाकावर दीड तास बसून होत्या. "चालले काहीच नाही. पण पोहोचले," एवढेच त्या सांगतात.

औषधे हातातच हवीत

पिरियस बंदरात चढतानाचा अनुभव कडू होता. पती मधुमेही आहेत. विमानात त्यांनी इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवले होते. अथेन्सच्या हॉटेलात, आता विमान संपले म्हणून, ते मोठ्या बॅगेत गेले. टर्मिनलवर मोठ्या बॅगा दुपारी ताब्यात घेतल्या जातात, तपासल्या जातात आणि मग खोलीच्या दाराशी पोहोचवल्या जातात. हजारो प्रवाशांच्या सामानात याला कित्येक तास लागतात. यांची बॅग रात्री आली. तोवर त्यांना अस्वस्थ वाटू लागले, रक्तशर्करा तीनशेच्या वर गेली आणि जहाजावरील दवाखाना गाठावा लागला. उपचार तत्पर मिळाले, पण बिल दोनशे युरोच्या घरात गेले आणि ते थेट खोलीच्या खात्यात जमा झाले.

भारतातील नेहमीच्या आरोग्य विमा पॉलिसी बहुधा देशाबाहेर लागू होत नाहीत. परदेशी सफरीसाठी प्रवास विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यात जहाजावरील उपचार आणि रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे विचारून घ्यावे. आधीपासूनचे आजार लपवू नयेत. या दाम्पत्याने मधुमेह जाहीर केला होता, म्हणूनच वजावट सोडून उरलेली रक्कम त्यांना परत मिळाली.

खोली कोणती घ्यावी?

सी-सॉच्या फळीची टोके वरखाली होतात, मध्य जवळजवळ स्थिर असतो. जहाजाचेही तसेच आहे. बोट लागण्याची भीती असलेल्यांनी खालच्या मजल्यावरील आणि जहाजाच्या लांबीच्या मध्यभागाची खोली मागावी. उंचावरच्या, पुढच्या टोकाच्या खोल्या दिमाखदार असल्या तरी तेथेच हेलकावे अधिक जाणवतात. आधुनिक जहाजांच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते डोलणे कमी करतात, थांबवत नाहीत. मळमळ सुरू झाल्यावर गोळी घेण्यात फारसा अर्थ नसतो, ती आधीच घ्यावी लागते. या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारूनच त्या घ्याव्यात. मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहणे आणि पोट अगदी रिकामे न ठेवणे हे जुने उपाय आजही लागू पडतात. बाईंच्या पर्समध्ये आल्याच्या वड्या असतातच.

भाडे आणि खर्च

जाहिरातीतील भाडे बहुधा दोघांत एक खोली धरून, माणशी दिलेले असते. त्यावर बंदर शुल्क आणि कर येतात. अनेक परदेशी जहाजांवर सेवाशुल्क म्हणजे टिप रोज आपोआप खात्यात टाकली जाते. अमेरिकी कंपन्यांत ती माणशी साधारण १५ ते २० डॉलर असते. मद्य, शीतपेये, इंटरनेट, काही खास उपाहारगृहे आणि किनाऱ्यावरच्या सहली यांचे पैसे वेगळे. सगळा व्यवहार खोलीच्या कार्डावर चालत असल्याने खर्च हाताला जाणवत नाही. हे गृहस्थ, जुन्या सवयीने, रोज रात्री खात्याचा उतारा पाहत. एकदा न घेतलेल्या दोन कॉफींचे पैसे त्यांनी तेथल्या तेथे वजा करून घेतले. मोबाइल समुद्रात 'एअरप्लेन मोड'वर ठेवावा. जहाजावरील उपग्रह जाळ्याशी तो जोडला गेला तर घरी परतल्यावर बिल पाहून खरी बोट लागते.

चुकवू नये असे काही

पहिल्या दिवशीची सुरक्षा कवायत अनेकांना कंटाळवाणी वाटते. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलले आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. आपले जमण्याचे ठिकाण पायाखालून घालून ठेवावे.

बंदरात स्वतंत्रपणे फिरायला गेलेल्या प्रवाशासाठी जहाज थांबत नाही. जहाजानेच आयोजित केलेली सहल उशिरा परतली, तर मात्र थांबण्याची किंवा पुढील सोयीची जबाबदारी कंपनी घेते. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे. व्हिसाचेही असेच. ग्रीसहून तुर्कस्तानातील कुशादासीला जाऊन पुन्हा ग्रीसला येणाऱ्या सफरीत शेंगेन क्षेत्र सोडून परत शिरावे लागते, म्हणून अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा मागून घ्यावा. पोटाच्या साथी जहाजावर लवकर पसरतात आणि त्यांच्या विषाणूवर जंतुनाशक जेल फारसे परिणामकारक नसते. हात साबणानेच धुवावेत.

यजमान गावांचाही विचार हवा. सुमारे १५ हजार वस्तीच्या सांतोरिनीवर एका दिवसात हजारो प्रवासी उतरत. म्हणून तेथे २०२५ पासून जहाजांतून येणाऱ्यांची संख्या दिवसाला ८ हजारांवर मर्यादित करण्यात आली आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, गर्दीच्या मोसमासाठी, माणशी २० युरो शुल्क लागू झाले. नवे अंदाजपत्रक आखताना ही रक्कम धरावी.

या दाम्पत्याचा सल्ला थोडक्यात असा आहे. पहिली सफर दोन-तीन रात्रींचीच करावी. समुद्र आपल्याला मानवतो का, हे त्यात कळते. पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी विचाराव्यात: कोणत्या बंदरात टेंडर आहे, खोली नेमकी कुठे आहे, भाड्यात काय धरलेले नाही आणि विमा जहाजावर चालतो का. "आणि बेट दिसले की उतरलेच पाहिजे, असा हट्ट नको," बाई म्हणतात. "पण उतरायचे असेल, तर मदत मागायला लाजू नये."