स्कूटरचा धूर

बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वडगाव निंबाळकर लागतें. तीस वर्षांपूर्वीं अशा गांवांतून स्कूटर गेली, म्हणजे ती दृष्टीआड झाल्यावरहि तिचा निळसर धूर कांहीं वेळ मागें रेंगाळे. आजच्या नव्या स्कूटरमागें कांहींच दिसत नाहीं. हा पालट नुसत्या धुराच्या नळींत एखादी जाळी बसवून झालेला नाहीं; त्यासाठीं इंजिनाची जातच बदलावी लागली.

पुण्याजवळ आकुर्डीच्या कारखान्यांतून १९७२ सालीं निघालेल्या बजाज चेतकनें कित्येक मध्यमवर्गीय संसार पाठीवर वाहिले. तिचें इंजिन टू-स्ट्रोक. दट्ट्या एकदां वर जाऊन एकदां खालीं आला, कीं त्याचें काम संपलें. जळका वायु बाहेर काढण्यास स्वतंत्र फेरा नाहीं. आंत येणारें ताजें मिश्रणच त्याला रेटून लावी. कोठींतला केर काढावयास पसाभर धान्यच फेकावें, तसा हा प्रकार! प्रसंगीं पेट्रोलचा तिसरा हिस्सादेखील न जळतां नळीवाटे निघून जाई. शिवाय वंगणाचें तेल पेट्रोलमध्येंच मिसळावें लागे. निळा धूर तो या तेलाचा.

परंतु डोळ्यांना खुपणारा हा धूर कांहीं एकटा अपराधी नव्हे. हवा अपुरी पडली, कीं कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि रक्तांत तो प्राणवायूची जागा बळकावतो.

बजाजनेंच १९९८ सालीं लेजंड ही फोर-स्ट्रोक स्कूटर आणली. हिच्यांत जळका वायु घालविण्यास दट्ट्याचा निराळा फेरा असतो, आणि तेलहि वेगळ्या कप्प्यांत राहतें. उरलेलें काम सायलेन्सरमधील मधमाशांच्या पोळ्यासारख्या भांड्याकडे असतें. त्याच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. त्याच्या सान्निध्यांत कार्बन मोनॉक्साइडचा कर्बाम्ल वायु होतो, न जळलेल्या पेट्रोलचा कर्बाम्ल वायु व पाण्याची वाफ होते, आणि नत्राचीं ऑक्साइडें फुटून नत्रवायु मोकळा होतो. शिसें हें या लेपाचें विषच. २००० सालीं देशभर शिसेविरहित पेट्रोल आलें, तेव्हां ही अडचण दूर झाली.

त्याच वर्षीं न जळलेलें पेट्रोल व नत्राचीं ऑक्साइडें मिळून किलोमीटरला २ ग्रॅमपर्यंत मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या नियमांत पहिल्यास ०.१ आणि दुसऱ्यास ०.०६ ग्रॅम एवढीच उरली. इतकें नेमकें माप कार्ब्युरेटरला साधणें कठीण, म्हणून नव्या गाड्यांत पेट्रोल पिचकारीनें मोजून सोडतात. धुरांत प्राणवायु किती शिल्लक आहे हें पाहून मात्रा ठरते.

तथापि हें पोळें सुमारें अडीचशें ते तीनशें अंशांपर्यंत तापल्यावांचून नीट काम करीत नाहीं. सकाळीं कोपऱ्यावरून भाजी आणण्यापुरती काढलेली स्कूटर घरीं परतते, तोंवर तें कोमटच असतें. शाळेपर्यंतच्या लहानशा फेरीचा पहिला भागहि असाच जातो. आणि मोठ्या आवाजाच्या हौसेपायीं मूळ सायलेन्सर काढून टाकला, तर प्लॅटिनमचा लेपहि त्याबरोबरच भंगारांत जातो.