लखनौच्या सपाट रस्त्यांवर हलक्या सायकलीचा लाभ किती?

लखनौ : रोड सायकल मिरवताना पहिली चर्चा होते ती वजनाची. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, अर्थात यूसीआयच्या, नियमानुसार स्पर्धेतील सायकल 6.8 किलोहून हलकी असू शकत नाही. स्पर्धेत न उतरणारे हौशीही याच आकड्याकडे डोळे लावून कार्बनच्या सुट्या भागांवर हजारो रुपये खर्च करतात.

लखनौ मात्र गंगेच्या मैदानात, समुद्रसपाटीपासून सुमारे 120 मीटर उंचीवर वसले आहे. येथे घाट नाहीत. सपाटीवर एकसारख्या वेगाने जाताना एक किलो वजन घटल्याचा लाभ नगण्य असतो. ताशी 30 किलोमीटर वेगात बहुतांश शक्ती हवेचा रोध कापण्यात खर्ची पडते आणि तो रोध सायकलीपेक्षा स्वाराच्या देहाचाच अधिक असतो. म्हणूनच महागड्या चाकांआधी हँडल व सीट शरीराच्या मापाने बसवून घेणे श्रेयस्कर. पुण्याच्या सायकलपटूला सिंहगडाच्या चढावर मागील कॅसेटमध्ये 34 दात्यांचे चक्र उपयोगी पडते. लखनौत ते बहुधा शोभेपुरतेच. उलट 23 ऐवजी 28 मिलिमीटर रुंदीचा टायर कमी हवेत चालतो व खडबडीत रस्त्याचे हादरे सोसतो.

जानेवारीच्या दाट धुक्यात पहाटे निघणाऱ्यास मागचा लाल दिवा अपरिहार्यच. त्याचे वजन बहुधा 100 ग्रॅमही भरत नाही.