किनारा पायी फिरताना : सोबती हाच पहिला वैद्य

मार्च महिन्यातील एका दुपारी पुण्याकडचे एक तरुण जोडपे दवाखान्यात आले. वेळासला सकाळी कासवांची पिल्ले समुद्राकडे धावताना पाहून दोघे पाठीवर सॅक टाकून किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाली होती. अकराच्या सुमारास नवरा उगाचच चिडचिड करू लागला. वाट कोणी चुकवली यावरून शब्दाला शब्द वाढला. बायको रागाने पुढे निघून गेली. थोड्या वेळाने तिने मागे वळून पाहिले, तर हे गृहस्थ दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खात होते आणि विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देत होते. जवळच्या वाडीतील मंडळींनी त्यांना माडाच्या सावलीत निजवले, अंगावर विहिरीचे पाणी ओतले, सुपाने वारा घातला, म्हणून निभावले. दवाखान्यात बाईंनी मला विचारले, ‘‘डॉक्टर, हे भांडत होते की आजारी होते?’’

ते आजारी होते. उष्माघाताची ती सुरुवात होती.

हल्ली अनेक जोडपी आपला किनारा पायी पाहायला येतात. वेळासहून केळशी, आंजर्ले, मुरूड करीत दाभोळ. तेथून फेरीबोटीने धोपावे. पुढे गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. आणि तवसाळहून पुन्हा बोटीने जयगड, अशी ही सुंदर वाट आहे. ऑलिव्ह रिडले कासवे, डॉल्फिन, सागरी गरुड, खाडीतली पाणमांजरे, रात्रीची कोल्हेकुई हे सारे या वाटेवर भेटते. मात्र गावे दूर, वाळूत वाहन नाही आणि बरोबर माणूस एकच. म्हणून दोघांपैकी प्रत्येकाने दुसऱ्याचा वैद्य होण्याची तयारी ठेवली पाहिजे. कारण काही आजार असे असतात, की ते ज्याला झाले त्याला कळत नाहीत, शेजारच्याला कळतात.

ऊन आणि दमट हवा

घाम आला म्हणजे शरीर थंड होते असे नाही. घाम वाळला तरच ते थंड होते. समुद्रकाठची हवा दमट असल्याने घाम नुसता निथळतो, वाळत नाही. त्यामुळे पारा ३३-३४ अंशांवर असतानाही ओझे घेऊन वाळू तुडवणाऱ्याचे शरीर आतून तापू लागते. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की मेंदूवर परिणाम होतो. चिडचिड, असंबद्ध बोलणे, तोल जाणे ही त्याची चिन्हे. उष्माघातात घाम थांबतोच असा समज आहे, पण चालून चालून झालेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. घामाकडे पाहून निश्चिंत राहू नये.

अशा वेळी रुग्णाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर पाणी ओतून सतत वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपलेल्याला पाणी पाजू नये. ते श्वासनलिकेत जाते. तापाच्या पॅरासिटामॉल गोळीचा येथे उपयोग होत नाही.

पहाटे लवकर निघून साडेनऊपर्यंत चालावे, नंतर चारनंतरच पाऊल उचलावे. घामावाटे मीठही जाते, म्हणून नुसते पाणी ढोसू नये. मीठ घातलेली पेज, लिंबाचे सरबत किंवा क्षारसंजीवनी घ्यावी. पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

सडा आणि साप

दोन किनाऱ्यांमध्ये कातळाचा सडा चढावा लागतो. तेथे दगडांच्या आडोशाला फुरसे असते. ते जेमतेम हात-दीड हात लांबीचे. डिवचले असता अंगाचे वेटोळे एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करते. त्याच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते आणि हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाऊ लागते.

दंश झाल्यास सोबत्याने घट्ट आवळपट्टी बांधू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने विष ओढू नये. या तिन्ही गोष्टींनी नुकसानच होते. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पैंजण मात्र सूज येण्यापूर्वी उतरवून ठेवावेत. हात किंवा पाय काठीला सैलसर बांधून स्थिर करावा, दंशाची वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णाला न चालवता सरकारी रुग्णालयात न्यावे. ॲस्पिरिनसारखी वेदनाशामक गोळी देऊ नये. सर्पविषावरील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर चालते. साप मारून आणण्याची गरज नाही.

मण्यारीची गोष्ट निराळी आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. वेदना फारशी होत नाही, खूणही पुष्कळदा दिसत नाही. पहाटे सोबती पोटात दुखते म्हणू लागला, त्याच्या पापण्या जड होऊन मिटू लागल्या, गिळता येईना, तर अपचन समजून ओवा देत बसू नये. ताबडतोब रुग्णालय गाठावे. उघड्या वाळूवर झोपू नये. तंबूची चेन पूर्ण लावावी. सकाळी बूट झटकून मगच पाय घालावा, कारण आत लाल विंचूही असू शकतो. विंचूदंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय गार पडणे ही हृदयावर ताण आल्याची लक्षणे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशावर प्राझोसिन हे औषध रूढ केले आणि कोकणातील असंख्य जीव वाचले. हे औषध वेळेवर मिळणे मात्र महत्त्वाचे.

पाण्यातील काटे

उथळ पाण्यात वाळूखाली पाकट दडलेले असते. त्यावर पाय पडला तर शेपटीचा विषारी काटा घुसतो. पाण्यातून जाताना पाय उचलून न टाकता घासत न्यावा, म्हणजे पाकट आधीच सरकते. काटा लागल्यास पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावा, कळ कमी होते. पाणी किती गरम आहे ते सोबत्याने स्वतःच्या हाताने पाहावे. कळा सोसणाऱ्याला भाजल्याचेही भान राहत नाही. जखमेत काटा राहिला असेल किंवा ती खोल असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

वल्ह्यासारखी चपटी शेपटी असलेला समुद्रसाप जाळ्यातून वाळूवर टाकलेला दिसतो. तो मेलासा वाटला तरी हात लावू नये. आपली लस त्याच्या विषासाठी बनवलेली नाही. दंश बहुधा दुखत नाही, पण काही तासांनी अंग आखडते, लघवी काळपट होते. वाशिष्ठीत मगरी आहेत, म्हणून तिच्या काठी संध्याकाळी हातपाय धुवायला उतरू नये.

एवढ्या साऱ्या वन्यजीवांत भटका कुत्रा आपण विसरतो. कुत्रा किंवा कोल्हा चावला, नुसते ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना लावू नये. प्रवास अर्धवट राहिला तरी चालेल, लसीचे डोस अर्धवट राहता कामा नयेत. रेबीज एकदा झाला की त्यावर उपाय नाही.

निघण्यापूर्वी वाटेवरील प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि ग्रामीण रुग्णालये दोघांनीही कागदावर लिहून घ्यावीत. एकाच्याच मोबाईलवर अवलंबून राहू नये. चालताना तासातासाने एकमेकांना साधा प्रश्न विचारावा : आज वार कोणता, पुढचे गाव कोणते? उत्तर वेडेवाकडे आले, तर तिथेच सावली पाहून थांबावे. आणि उन्हात जोडीदार विनाकारण भांडू लागला, तर रुसून पुढे निघून जाऊ नये. आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहावा.