कोणती थेरपी घ्यायची?

लेखमाला : स्वमग्नता समजून घेताना
लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण निदानाचा अहवाल कसा वाचायचा ते पाहिलं. त्या अहवालाच्या शेवटच्या पानावर बहुतेक वेळा तीन-चार शब्द ओळीने लिहिलेले असतात : ओटी, स्पीच, बिहेविअर थेरपी, स्पेशल एज्युकेशन. दोन दिवसांत नातेवाईक आणि पालकांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्यांत भर घालतात. कुणी फ्लोअरटाइमचं नाव घेतं, कुणी गहू आणि दूध बंद करायला सांगतं, कुणी स्टेम सेलच्या इंजेक्शनांची जाहिरात पाठवतं. गोंधळलेले आईवडील मग डॉक्टरांना विचारतात, "यांतली सगळ्यांत चांगली कोणती?"

या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर कुणीच देऊ शकत नाही, कारण या प्रश्नात मूल कुठेच नाही. ऑटिझमचं निदान झालेली तीन मुलं डोळ्यांसमोर आणा. एक चार वर्षांचा झाला तरी बोलत नाही. हवं ते सांगता येत नाही म्हणून डोकं आपटून घेतो. दुसरीला लोकलची सगळी स्टेशनं क्रमाने पाठ आहेत, पण बागेत दुसरं मूल जवळ आलं की ती पळ काढते. तिसरा मिक्सर सुरू झाला की कान झाकून कोपरा गाठतो आणि पांढऱ्या भाताखेरीज काही खात नाही. निदान एकच, निकड मात्र तिघांची वेगळी. म्हणून पहिला प्रश्न असा हवा : पुढच्या तीन महिन्यांत कोणती एक गोष्ट जमली, तर या मुलाचा दिवस सोपा होईल? याचं उत्तर सापडलं की निम्मी निवड झालीच. पहिल्याला आधी मागण्याचा मार्ग हवा. दुसरीला दुसऱ्या मुलासोबत खेळण्याचा सराव हवा. तिसऱ्याला आवाज आणि जेवण यांच्या त्रासातून सुटका हवी.

नावांमागे काय आहे?

सर्वाधिक चर्चा होते ती एबीएची, म्हणजे वर्तनाधारित प्रशिक्षणाची. कौशल्याचे लहान लहान टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्पा जमला की लगेच शाबासकी किंवा आवडती वस्तू द्यायची आणि प्रगतीची नोंद ठेवायची, ही तिची पद्धत. अमेरिकेत ओ. इवार लोव्हास यांनी १९८७मध्ये १९ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ४० तासांच्या प्रशिक्षणानंतर त्यांतली ९ मुलं नेहमीच्या शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यांक सरासरीच्या पट्ट्यात आला, असं त्यात म्हटलं होतं. या निकालाने जगभरच्या पालकांना आशा दिली. पण हे प्रशिक्षण कोणत्या मुलांना मिळणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं नव्हतं आणि शिकवताना दरडावणं, प्रसंगी मांडीवर चापट मारणं हेही वापरलं गेलं होतं. आजची चांगली एबीए यापासून बरीच दूर आली आहे. सॅली रॉजर्स आणि जेराल्डिन डॉसन यांच्या 'अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल'सारख्या पद्धतींत शिकवणं खेळात आणि रोजच्या व्यवहारात मिसळलेलं असतं.

तरीही मोठ्या झालेल्या अनेक स्वमग्न व्यक्तींचा एबीएवर एक आक्षेप आहे आणि पालकांनी तो ऐकायला हवा. त्या म्हणतात, आम्हाला इतरांसारखं दिसायला शिकवलं गेलं. मूल आनंदात हात फडफडवत असेल आणि त्याने कुणाला इजा होत नसेल, तर ते थांबवण्यात कुणाची सोय आहे? तेच मूल हात चावून रक्त काढत असेल, तर मदत नक्कीच हवी. थेरपिस्टने समोर ठेवलेल्या प्रत्येक उद्दिष्टाला 'यात सोय कुणाची?' हा प्रश्न लावून पाहावा.

बाकीच्या नावांची ओळख थोडक्यात. उत्तर कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी उभी केलेली 'टीच' पद्धत चित्रांचं वेळापत्रक आणि जागेची ठराविक मांडणी यांवर भर देते. 'आता पुढे काय?' या चिंतेने ज्याचा दिवस बिघडतो, त्याला तिचा आधार होतो. स्टॅन्ली ग्रीनस्पॅन यांच्या फ्लोअरटाइममध्ये मोठ्यांनी जमिनीवर बसून मुलाच्या खेळात शिरायचं असतं. फ्लोअरटाइममागचा पुरावा तुलनेने तोकडा आहे. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे ओटीत, झोपाळे, मोठे चेंडू, ब्रश दिसतात. संवेदनांवर काम करणाऱ्या या शाखेचा पाया जीन एअर्स यांनी घातला. पण ओटीचं खरं माप झोपाळ्यावर लागत नाही. दात घासणं, बटण लावणं, नवा घास तोंडात घेणं यांत फरक पडला का, ते पाहायचं.

स्पीच थेरपीबद्दलचा गैरसमज मोठा आहे. तिचं काम संवाद घडवण्याचं, आणि संवाद चित्रं, खुणा किंवा टॅबलेटनेही होतो. मुलाने चित्राचं कार्ड समोरच्याच्या हातात देऊन वस्तू मागायची, ही 'पेक्स' पद्धत अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५मध्ये अमेरिकेत विकसित केली. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' अ‍ॅप चित्रांवर बोट ठेवलं की मराठीतही बोलतं. "चित्रांची सवय लागली तर तो बोलणारच नाही," ही भीती घरोघरी ऐकू येते. आजवरच्या अभ्यासांत अशा साधनांनी बोलणं मागे पडल्याचं दिसलेलं नाही. काही मुलांमध्ये ते थोडं वाढलेलंच दिसलं.

किती तास?

लोव्हास यांच्या अभ्यासातला ४० तासांचा आकडा पुढे जणू नियमच होऊन बसला. अनेक पालक आजही 'तास कमी पडतायत' या अपराधी भावनेत जगतात. सॅली रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ८७ लहान मुलांवरची चाचणी प्रसिद्ध केली. त्यांनी दोन पद्धतींची आणि दोन प्रमाणांची, आठवड्याला १५ आणि २५ तासांची, तुलना केली. वर्षभरानंतर एकूण निकालात ना पद्धतीने फरक पडला, ना तासांनी. २०२४मध्ये १४४ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या एका संशोधनालाही, तास वाढले की परिणाम वाढतो, याला भक्कम आधार सापडला नाही. म्हणून दोन रिक्षा बदलून, मुलाची दुपारची झोप मोडून गाठलेलं तिसरं सेशन खरंच हवं आहे का, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

गोव्यातला प्रयोग

थेरपिस्टकडे आठवड्याला दोन-तीन तास जातात. उरलेला सगळा वेळ मूल घरात असतं. इंग्लंडमध्ये जोनाथन ग्रीन आणि सहकाऱ्यांनी नेमक्या याच वेळेवर काम करणारी 'पॅक्ट' ही पद्धत तयार केली. पालक आणि मूल काही मिनिटं खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं आणि मग थेरपिस्ट व पालक शेजारी बसून ते पाहतात. मुलाने कुठे नजर वळवली, कुठे हुंकार दिला, तेव्हा आईने काय केलं, हे थांबून थांबून बघायचं. बहुतेकांना तिथे जाणवतं की आपण सतत परीक्षा घेत असतो : "हा कोणता रंग? सांग ना, हे काय आहे?" त्याऐवजी थांबायचं, मूल ज्यात रमलंय त्याकडे पाहायचं आणि त्याबद्दल एखादंच सोपं वाक्य बोलायचं. १५२ मुलांच्या चाचणीत २०१०मध्ये याचे तात्काळ परिणाम बेताचेच दिसले होते. पण सहाएक वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली, तेव्हा लक्षणांची तीव्रता कमी झाल्याचं आणि तो फरक टिकल्याचं २०१६मध्ये जाहीर झालं.

हीच पद्धत आपल्याकडच्या कुटुंबांसाठी बेतून गोव्यात 'संगाथ' संस्थेतर्फे आणि पाकिस्तानात रावळपिंडीत वापरली गेली. २ ते ९ वर्षांच्या ६५ मुलांचा तो अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. सेशन घेणारे लोक पदवीधर थेरपिस्ट नव्हते. ते खास प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. तरीही पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि मुलं स्वतःहून संवाद अधिक सुरू करू लागली. एका मोजमापात, आईवडील आणि मूल दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याच्या वेळेत, मात्र घट दिसली आणि संशोधकांनी ती लपवली नाही. जिथे तालुक्यात एकही थेरपिस्ट नाही, तिथे ही वाट मोलाची आहे. फक्त 'पालकांनी करायचं' याचा अर्थ 'आईनेच करायचं' असा होऊ नये. चित्रीकरणात बाबाही हवेत, आणि आजीआजोबा सोबत राहत असतील तर तेही.

घरच्या भाषेचा प्रश्नही इथेच येतो. "शाळा इंग्रजी आहे, थेरपी इंग्रजीत चालते, म्हणून घरात मराठी बंद करा," असा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांचा भाषाविकास आणखी मागे पडतो, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. शिवाय जी आई इंग्रजीत अडखळत चार वाक्यं बोलते, ती मराठीत दिवसभर बोलते, गाते, चिडवते, लाड करते. ते सगळं काढून घेतलं, तर मुलाच्या वाट्याला भाषा कमीच येते. थेरपीतले शब्द मराठीत हवेत, हे मागणं रास्त आहे.

लांब राहावं अशा गोष्टी

'पूर्ण बरं करू' अशी हमी मिळाली की तिथून उठावं. १९९८मध्ये सीक्रेटिन नावाच्या संप्रेरकाच्या इंजेक्शनाने चमत्कार झाल्याची चर्चा अमेरिकेत उसळली; पुढच्याच वर्षी चाचणीत ते खोट्या इंजेक्शनापेक्षा सरस ठरलं नाही. शरीरातले जड धातू काढण्याच्या नावाखाली होणाऱ्या किलेशनमध्ये २००५ साली पेनसिल्व्हेनियात पाच वर्षांचा मुलगा दगावला. स्टेम सेलबाबत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत : रक्ताच्या काही विकारांतल्या प्रत्यारोपणाखेरीज बाकी सारा वापर संशोधन चाचणीतच करता येतो. चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून पैसे घेतले जात नाहीत, हेही लक्षात ठेवावं. गहू-दूध बंद करण्याला पुरेसा आधार नाही. आधीच मोजकं खाणाऱ्या मुलाचं त्यात पोषण बिघडू शकतं.

सेंटर निवडताना

स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी राज्याची स्वतंत्र परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच नको. त्यानंतर चार गोष्टी विचारा. या तीन महिन्यांचं उद्दिष्ट काय आणि ते मोजणार कसं? आम्ही आत बसू शकतो का? मूल रडायला लागलं तर तुम्ही काय करता? घरी आम्ही काय करायचं? पालकांना सतत दाराबाहेर ठेवणाऱ्या आणि रडण्याला 'नाटक' म्हणणाऱ्या सेंटरची फी कितीही असली, तरी ते तुमच्या मुलासाठी नाही.

खर्चाची बाजूही पाहू. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्याखाली जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, म्हणजे डीईआयसी, उभी राहिली. आपल्या जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करावी. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' आरोग्य विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत त्यात बसतो.

थेरपी सुरू केली म्हणजे ती जन्मभराची झाली, असं नाही. तीन महिन्यांनी ठरवलेल्या उद्दिष्टाजवळ मूल सरकलं नसेल, तर थेरपिस्टशी बोला, पद्धत बदला, गरज वाटली तर सेंटर बदला. तेवढ्याने तुम्ही हरलात असं होत नाही, मूलही हरत नाही. उलट सगळं छान चाललं असेल, तर एखादं सेशन कमी करून मुलाला त्या वेळी मामाच्या घरी नुसतं लोळूही द्यावं.

पुढच्या लेखात शाळेचा विषय घेऊ : नेहमीची की विशेष, सोबतीला शॅडो टीचर हवा का, आणि शिक्षण हक्काच्या व दिव्यांग हक्कांच्या कायद्यांत मुलाला नेमकं काय मिळतं. तोवर एक काम करून ठेवा. मुलाला सध्या सर्वांत जास्त अडवणाऱ्या तीन गोष्टी लिहा, त्यांतली पहिली कोणती ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा आणि पुढच्या भेटीला तो कागद थेरपिस्टसमोर ठेवा.