परीक्षा डोक्यात, पुटकुळ्या गालावर!

मोखाड्याचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांच्या सोंगांचा उत्सव, पाहिलाय का? रात्र चढलेली, संबळ कडाडतोय आणि मशालीच्या उजेडात एखादं उग्र सोंग नाचत नाचत थेट आपल्या अंगावर येतं. मुखवट्याआड गावातलाच कुणी दादा आहे हे पक्कं ठाऊक असतं, तरी हातावर सर्रकन काटा येतो!

केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. मन घाबरलं की मेंदू मज्जातंतूंमधून हुकूम सोडतो, स्नायू आखडतो आणि केस ताठ उभा राहतो. भीती मनाला, वर्दी कातडीला! आईच्या पोटात बाळ घडताना मेंदू आणि त्वचेचा वरचा थर एकाच पेशीथरातून तयार होतात. सख्खी भावंडंच म्हणा ना.

बोहाड्याची भीती दोन मिनिटांत पळते. दहावीची मात्र महिनाभर मुक्काम ठोकते. जव्हार-मोखाड्यातली कितीतरी मुलं आश्रमशाळेत राहतात, घर लांब पाड्यावर. पेपर जवळ आले की झोप उडते. अशा वेळी मूत्रपिंडांवर बसलेल्या छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं रसायन जास्त सोडतात. थोडा वेळ ते कामाचं असतं. पण रोजच जास्त झालं, तर कातडीच्या डागडुजीचं काम रेंगाळतं. ताणातली काही रसायनं तेलग्रंथींनाही चाळवतात, मग गालावर पुटकुळ्या.

अमेरिकेत ओहायोमध्ये दातांचे डॉक्टर होऊ पाहणाऱ्या 11 विद्यार्थ्यांवर एक भन्नाट प्रयोग झाला. त्यांच्या टाळूला साडेतीन मिलिमीटरची बारीकशी जखम केली. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत, एकदा परीक्षेच्या तीन दिवस आधी. (हे वाचताना माझी जीभ आपसूक टाळूला लागली!) 1998 साली निकाल छापून आला. परीक्षेतली जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले होते, आणि एकाचीही सुट्टीइतक्या लवकर भरली नव्हती. टाळू म्हणजे काही कातडी नव्हे, कबूल. पण 2003 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 22 विद्यार्थ्यांचे चेहरे तपासले, तर परीक्षेत पिंपल्स वाढलेले! ज्यांचा ताण जास्त वाढला, त्यांचे जास्त.

पण म्हणून कातडीच्या प्रत्येक तक्रारीचं, प्रत्येक खाजेचं खापर परीक्षेवर फोडू नका हं. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर खाज येतेय, रात्री जास्तच येतेय, आणि शेजारी झोपणारी मैत्रीणही खाजवतेय? मग ती बहुधा खरूज. ती होते एका जिवामुळे: अर्ध्या मिलिमीटरहून लहान, आठ पायांचा! त्याची मादी कातडीत बोगदा खणून अंडी घालते. पेपर संपले म्हणून खरूज काही जात नाही. उलट तिच्यामुळे झोपेचं खोबरं होतं आणि ताण आणखी वाढतो.

अशा वेळी लाजत बसायचं नाही, सरळ अधीक्षिकाबाईंना किंवा आरोग्य केंद्रातल्या नर्सताईंना सांगायचं. त्या देतील ते मलम फक्त खाजतंय तिथे नाही, तर मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं. कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायची. आणि औषध खोलीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, ज्याला खाज नाही त्यानंसुद्धा! कारण खरूज पहिल्यांदाच झाली असेल, तर खाज सुटायला चार-सहा आठवडेही लागतात, आणि तोवर आत बोगदे खणणं गुपचूप चालूच असतं.